तुकड्या पाडताना जोड्या तोडू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिशुवर्गाचे आणि पहिलीचे प्रवेश आटोपले की शाळेच्या कार्यालयात तुकड्या पाडायचं काम निघतं. यादी घ्यायची, आडनावांच्या क्रमाने 'अ', 'ब', 'अ', 'ब' असं लिहीत जायचं, मुलगे आणि मुली सारखे आले का ते पाहायचं, झालं. अर्ध्या तासाचं काम. त्या अर्ध्या तासात दोन वर्षं एकाच चटईवर बसलेली, एकमेकांच्या डब्यातलं खाणारी दोन मुलं दोन वेगळ्या खोल्यांत जातात आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. जूनच्या पहिल्या पावसात रेनकोट घालून दारात रडत उभं राहिलेलं मूल आईसाठी रडतंय असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते आईसाठीच रडत असतं. पण आत गेल्यावर ते ज्याला शोधत असतं तो भिंतीपलीकडच्या वर्गात असतो, आणि हे सांगायला त्याच्याजवळ शब्द नसतात.

गोव्यातल्या फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांत बालवाडी व शिशुवर्गात काम करणाऱ्या आम्ही काही शिक्षिका हे पत्र लिहीत आहोत. तीन ते सहा वयातल्या मुलांची मैत्री हा 'गोड' विषय समजला जातो. स्नेहसंमेलनाच्या फलकावर दोन मुलं गळ्यात गळे घालून काढली की संपलं. वेळापत्रकात, जागेत, वर्गातल्या सामानात तिला स्थान नसतं. आमचं म्हणणं एवढंच आहे की मैत्री हे लहान मुलाचं शिकण्याचं साधन आहे. पाटी-पेन्सिलीइतकीच तिची तजवीज शाळेने आणि घराने करायला हवी.

आधी वयाचं गणित सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. दोन वर्षांची दोन मुलं शेजारी बसून आपापली बादली भरतात, एकमेकांशी बोलत नाहीत, आणि पालक म्हणतात, "आमचा मिसळतच नाही." हे न मिसळणं नव्हे. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेने 1932 साली बालवाडीतल्या मुलांचा खेळ बारकाईने नोंदवला आणि या शेजारी शेजारी चालणाऱ्या खेळाला समांतर खेळ म्हटलं. त्यानंतर येतो तो वस्तूंची देवघेव होणारा, पण प्रत्येकाचा बेत वेगळा असलेला खेळ. चार वर्षांच्या आगेमागे खरा मिळून खेळ दिसू लागतो: "तू डॉक्टर, मी आजी, हें हॉस्पिटल." एका पायरीवरून दुसरीवर मूल एकदाच चढतं असंही नाही. दमलेलं, नव्या जागी आलेलं किंवा तापातून उठलेलं पाच वर्षांचं मूलही काही दिवस पुन्हा समांतर खेळतं. त्याला ढकलून घोळक्यात घालू नये.

मिळून खेळण्यात घडतं काय? मोठ्या माणसाशी खेळताना मुलाला फारसं काही करावं लागत नाही. आजी हरते, बाबा घोडा होतात, अर्धवट शब्दाचा अर्थ आई लावते. बरोबरीचं मूल यातलं काहीच करत नाही. त्याला नीट सांगावं लागतं, पटवावं लागतं, थांबावं लागतं. वाळूत दोघांनी करवंट्या मांडून हॉटेल थाटलंय असं समजा. एकीला त्याच करवंटीत भात हवा, दुसऱ्याला ती गाडीचं चाक म्हणून हवी. "हो भात न्हय, हें चाक!" (हा भात नाही, हे चाक!) इथे प्रत्येकाला कळतं की आपल्या डोक्यात जे आहे ते समोरच्याच्या डोक्यात नाही. ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या सुमारास पक्की होऊ लागते. पुढे गोष्ट समजणं, पत्राचा अर्थ लावणं, दुसऱ्याची चूक समजून घेणं याच समजेवर उभं राहतं. आणि मग तोडगा निघतो. गाडीतून भात जातो. हा तोडगा त्या दोघांचा असतो, म्हणून तो टिकतो.

मैत्रीची ताकद किती असते ते पाहायचं तर एक जुनी नोंद आहे. बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकारी सोफी डॅन यांनी 1951 साली सहा अनाथ मुलांविषयी लिहिलं. तान्हेपणीच आईबाप गमावलेली, तेरेझिनच्या नाझी छळछावणीत एकत्र वाढलेली ही मुलं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये आणली गेली, तेव्हा ती तीन-चार वर्षांची होती. मोठ्या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता. ती सामान मोडत, चावत. पण एकमेकांपासून क्षणभर दूर राहायला तयार नव्हती, आणि खाऊ आधी दुसऱ्याला मिळाला का हे पाहत. इतक्या लहान मुलांत आपसात अशी घट्ट ओढ असू शकते, हे तोवर फारसं कुणी मानलं नव्हतं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा वर्ग मुलांच्या अंगणापर्यंत नेला. अंगणात काय असतं? भावंडं असतात, शेजारची पोरं असतात, वयं मिसळलेली असतात. त्या अंगणात जे आपोआप मिळत होतं ते पर्वरी, मडगाव किंवा वास्कोच्या फ्लॅटमध्ये मिळत नाही. आपल्या घरांच्या बलकांवावर (दारापुढच्या बसायच्या जागेवर), सोप्यावर संध्याकाळी चार घरची मुलं जमत. आता दुपारी साडेबारा-एकला शिशुवर्ग सुटल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंत एकही दुसरं मूल न दिसणारी मुलं आमच्या वर्गात आहेत, आणि ती कमी नाहीत. म्हणून ही तजवीज आता ठरवून करायला हवी.

पहिली गोष्ट, वेळ. मधल्या सुट्टीची वीस मिनिटं म्हणजे मैत्रीची वेळ असं समजलं जातं. घड्याळ लावून पाहा. हात धुऊन डबा उघडून खाईपर्यंत बारा मिनिटं जातात. उरलेल्या आठांत मुलं जागा शोधतात, "तू कोण, मी कोण" ठरवायला घेतात आणि घंटा होते. मिळून खेळ जमायला आधी वस्तू जमवणं, मग भूमिका ठरवणं, मग त्यावरून होणारं भांडण, आणि त्यानंतर खेळ, एवढं सगळं लागतं. सलग चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं मोकळा खेळ दिला तरच शेवटची वीस मिनिटं खऱ्या खेळाची मिळतात. पंधरा मिनिटांचे तीन तुकडे दिले तर तीनदा फक्त सुरुवात होते. रोज वेळ द्यायचा, शुक्रवारी बक्षीस म्हणून नव्हे. आणि अभ्यास अपुरा राहिला म्हणून एखाद्याचा हा वेळ काढून घेऊ नये. अभ्यासात मागे असलेल्या मुलालाच त्याची गरज जास्त असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ वयाचा पायाभूत टप्पा खेळावर आधारलेला असावा असं म्हटलं आहे, आणि गोव्यात 2023-24 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कागदावर जागा आहे. वेळापत्रकात ती करायची आहे.

दुसरी गोष्ट, सामान. वीस मुलांत एक चेंडू दिला तर मारामारी होते आणि वीस चेंडू दिले तर वीस मुलं वीस कोपऱ्यांत जातात. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना एकसारख्या वस्तू भरपूर लागतात. सहा मुलं असतील तर सारखे डबे किमान चार-पाच. त्यांना वाटून घ्यायला लावणं म्हणजे अजून न आलेलं कौशल्य मागणं. चार वर्षांनंतर मात्र मुद्दाम अशा वस्तू ठेवाव्यात ज्या एकट्याला पेलत नाहीत: दीड मीटरची गुळगुळीत फळी, दोन कानांची मोठी परात, लांब दोरी, पाण्याने अर्धी भरलेली बादली. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणी वस्तू म्हणजे पुसायचं मोठं फडकं. ओलं फडकं पिळायला दोघं लागतात, आणि दोघांनी विरुद्ध दिशेला पीळ द्यावा लागतो. दोघांनी एकाच दिशेला फिरवलं तर पाणी निघत नाही. काय चुकलं ते बाईंना सांगावं लागत नाही, फडकंच सांगतं. सतत भांडणाऱ्या दोघांना हे काम द्यावं.

पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नेमक्या ह्याच महिन्यांत नव्या मुलांच्या ओळखी व्हायच्या असतात, आणि मुलं बाकांवर बांधली जातात. बाक भिंतीला लावून वर्गात आठ बाय आठ फूट जमीन मोकळी केली तरी काम होतं. गणेश चवथीच्या आधी गावातल्या गणपती घडवणाऱ्या चित्रशाळेतून चिकणमाती मागून आणता येते. दोन मुलांत नारळाएवढा एकच गोळा द्यावा, प्रत्येकाला वेगळा नको. पडवीत पागोळ्यांखाली भांडी मांडून कुठलं आधी भरतं ते पाहणं हा अर्ध्या तासाचा खेळ आहे. एक सावधगिरी: करवंट्यांच्या कडा कानशीने घासून घ्याव्यात. चिंचोके, गोट्या आणि भिरंडीच्या (कोकमाच्या) बिया तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवाव्यात, घशात अडकतात. उन्हाळ्यात कच्च्या काजूबिया खेळायला देऊ नयेत, सालीतल्या तेलाने कातडी भाजते.

आता भांडण. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण मैत्री तुटते ती भांडणाने नव्हे, मोठ्यांनी ते सोडवण्याच्या पद्धतीने. नेहमीची पद्धत अशी: लांबून ओरडायचं, "कोणी सुरू केलं?" विचारायचं, बादली काढून कपाटावर ठेवायची आणि "सॉरी म्हण" सांगायचं. यातून मुलं काय शिकतात? लवकर तक्रार करणारा जिंकतो, आणि सॉरी म्हटलं की सुटका होते.

त्याऐवजी चालत जा आणि दोघांच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. मारामारी चालू असेल तर हात धरून थांबवा. वादातली वस्तू आपल्या हातात घ्या, पण दोघांना दिसेल अशी धरा आणि सांगा, "ही थोडा वेळ माझ्या हातात राहील." ती लपवली की मुलांचं सगळं लक्ष बादलीत अडकतं. मग प्रत्येकाला त्याची भावना शब्दांत द्या: "तुला राग आलाय. तू भरत होतीस आणि त्याने ओढली." "तुला कधीपासून हवी होती." रडं निम्मं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, रडणाऱ्या मुलाला ऐकू येत नाही. "का केलंस?" विचारू नका, त्याचं उत्तर पाच वर्षांच्या मुलाजवळ नसतं. "काय झालं?" विचारा, आधी एकाला, मग दुसऱ्याला. नंतर अडचण एका वाक्यात मांडा: "बादली एक आहे, हवी दोघांना." आणि विचारा, "काय करूया?"

त्यानंतर गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. हेच सगळ्यात कठीण आहे, आणि बहुतेक बाई तीन आकड्यांवर हार मानून स्वतःच निवाडा देतात. चार-पाच वर्षांची मुलं दहाच्या आत काहीतरी बोलतात. ते आपल्याला अन्यायाचं वाटलं तरी, दोघांना चालत असेल तर चालू द्यावं. "ती पाणी घालील, मी ओतीन" हा त्यांचा करार आहे. तीन वर्षांच्यांना मात्र दोनच पर्याय द्यावे लागतात: "दोघांनी मिळून, की पाळीपाळीने?" पाळी ठरली तर तिला माप हवं. "थोड्या वेळाने" म्हणजे किती हे त्यांना कळत नाही. एक बालगीत दोनदा म्हणून होईपर्यंत, हे कळतं. पाच मिनिटांनी परत येऊन पाहा. करार मोडला असेल तर पुन्हा बसा. कोणाला लागलं असेल तर ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जा, आणि मारणाऱ्याला सॉरीऐवजी काम द्या: ओला रुमाल आण, पाणी आणून दे. दुखावलेल्याजवळ थांबून त्याचं तोंड पाहणं त्याला जे शिकवतं ते सॉरीने येत नाही.

एकदा असं करायला चार-पाच मिनिटं लागतात. तीस मुलांमागे एकच बाई असेल तर ती हे करू शकत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. वीस मुलांमागे दोन मोठी माणसं असावीत, आणि मदतनीस बाईंनाही ही पद्धत शिकवावी. त्यांना नुसतं झाडलोट आणि शी-शूपुरतं ठेवू नये.

"तूं म्हजी इश्टीण न्हय" (तू माझी मैत्रीण नाहीस), असं चार वर्षांची मुलगी म्हणते तेव्हा पालक घाबरून दुसऱ्या दिवशी वर्गात येतात. या वयात त्याचा अर्थ 'या क्षणी तू करतेस ते मला आवडलं नाही' एवढाच असतो. दहा मिनिटांनी त्या पुन्हा एकत्र असतात. आयांनी एकमेकींशी अबोला धरू नये. काळजीची गोष्ट वेगळी आहे: एकच मूल, रोज, सगळ्यांकडून बाजूला पडतं.

ते ओळखायला नजर पुरत नाही, नोंद लागते. मोकळ्या खेळात दर पाच मिनिटांनी वर्गावर एक नजर फिरवायची आणि कोण कुणाजवळ आहे ते हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर टिपायचं. दिवसाला चार-पाच नोंदी, दोन आठवडे. शेवटी दोन गोष्टी दिसतात: कोणत्या जोड्या वारंवार आल्या, आणि कुणाचं नाव कुणाजवळच आलं नाही. दंगा करणारं मूल सगळ्यांना माहीत असतं. एकटं पडलेलं शांत मूल 'शहाणं' म्हणून निसटतं.

अशा मुलाला 'जा, त्यांना म्हण मला घ्या' असं सांगून पाठवू नये. खेळात रंगलेल्या मुलांना परवानगी विचारली की उत्तर बहुधा नाहीच येतं. त्याऐवजी त्याला शिकवावं: आधी जवळ उभं राहून पाहा, मग शेजारी बसून तेच कर, मग त्यांच्या खेळाला उपयोगी पडेल असं काहीतरी घेऊन ये. हॉटेल चाललंय ना, तर पानं घेऊन जा, "ही भाजी." बाई सुरुवातीला त्याच्याबरोबर गिऱ्हाईक म्हणून जाऊ शकतात आणि दोन मिनिटांनी हळूच उठू शकतात. दुसरा उपाय लहानाशी जोडी लावण्याचा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ विलार्ड हार्टप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली दाखवलं की बुजऱ्या मुलांना त्यांच्याहून लहान मुलाबरोबर थोडा थोडा वेळ खेळू दिलं तर पुढे वर्गातही ती जास्त मिसळू लागली, बरोबरीच्या जोडीदारापेक्षाही जास्त. कारण उघड आहे. लहानापुढे त्याला पहिल्यांदा पुढाकार घेता येतो. बालवाडी आणि पहिली एकाच आवारात असतात अशा आपल्या गावच्या शाळांना हे सहज जमेल.

मात्र प्रत्येक एकटेपणाला बुजरेपणा समजू नये. सर्दीने कान वारंवार भरणाऱ्या मुलाला पावसाळ्यात काही आठवडे कमी ऐकू येतं आणि ते घोळक्यापासून दूर राहू लागतं. आधी कान तपासावेत. नावाने हाक मारली तरी वळत नाही, बोट दाखवून काही दाखवत नाही, तीन वर्षांनंतरही 'खोटं खोटं' खेळत नाही, किंवा येणारे शब्द जाऊ लागले, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. बांबोळीला गोमेकॉचा (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा) बालरोग विभाग आहे.

भाषेबद्दल. आपल्या एका वर्गात घरी कोंकणी बोलणारी, मराठी बोलणारी, कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलं असतात. मुलं एकमेकांची भाषा खेळातून उचलतात, आणि सगळ्यात आधी उचलतात ते उपयोगाचे शब्द: दी (दे), यो (ये), म्हजें (माझं), चल, आता माझी पाळी. शिशुवर्गात 'फक्त इंग्रजी बोला' हा नियम लावला की मुलाच्या तोंडातून नेमके हेच शब्द काढून घेतले जातात. ते चुकीचं तर बोलत नाहीच, मुळात बोलतच नाही. खेळाच्या तासाला भाषेचा नियम नसावा.

घरच्यांसाठी थोडंच. वाढदिवसाला तीस मुलं आणि स्पीकर यातून मैत्री होत नाही. आठवड्यातून दोन दुपारी एकच मूल, तेच मूल, तास-दीड तास. ते येण्याआधी आपल्या मुलाच्या जिवापाड आवडीची एक-दोन खेळणी दोघांनी मिळून कपाटात ठेवावीत. सुरुवात पाणी, माती किंवा कणकेच्या गोळ्याने करावी, त्यात हारजीत नसते. टीव्ही आणि मोबाइल बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासाहून जास्त वेळ पडद्यापुढे बसू नये, आणि तीन तास तरी हालचाल करावी. मुलं दमण्याआधीच खेळ थांबवावा. रडून संपलेली दुपार पुढच्या वेळी नको वाटते. शेजारच्या भाड्याच्या घरातलं मूल चालेल, त्याची आई कुठली हे मुलांना विचारायचं नसतं.

परत तुकड्यांकडे येतो. अमेरिकी संशोधक गॅरी लॅड यांनी 1990 साली मांडलेल्या अभ्यासात, ओळखीच्या मित्रांबरोबर शाळा सुरू करणारी मुलं शाळेबद्दल जास्त अनुकूल राहिली, आणि नवे मित्र जोडणाऱ्यांची अभ्यासातली प्रगतीही चांगली दिसली. म्हणजे जुना मित्र हा नव्या मित्रांकडे जाणारा आधार असतो. 'जोडी फोडली की मूल इतरांत मिसळेल' ही समजूत निदान पहिल्या वर्षाला लागू पडत नाही. एकमेकांना खरोखरच त्रास देणाऱ्या मोजक्या जोड्यांचा अपवाद करावा, पण तो दोन आठवड्यांच्या नोंदीवरून, कुणाच्या कंटाळ्यावरून नव्हे. पट घसरून गावची शाळा शेजारच्या शाळेत विलीन होते तेव्हा तर हे अधिकच पाळायला हवं. तिथली सहा-सात मुलं नव्या शाळेत चार वर्गांत विखुरण्याऐवजी एकाच वयाची मुलं एकाच तुकडीत ठेवावीत.

मुख्याध्यापकांना आमची विनंती छोटी आहे. मार्चमध्ये शिशुवर्गाच्या आणि अंगणवाडीच्या बाईंनी मुलांची जी यादी पुढे पाठवायची असते, तिच्यात नाव, जन्मतारीख आणि लशींच्या नोंदीशेजारी आणखी एक रकाना आखावा: 'कोणाबरोबर खेळते/खेळतो'. त्यात एक किंवा दोन नावं. ज्याच्यापुढे काहीच नाव नसेल तिथे रेघ मारावी, कारण ती रेघ पहिलीच्या बाईंना सगळ्यात आधी दिसायला हवी. तुकड्या पाडायच्या दिवशी ही यादी टेबलावर असावी आणि प्रत्येक मुलाबरोबर त्यातलं किमान एक नाव त्याच तुकडीत जावं. तीस-चाळीस मुलांच्या यादीला यासाठी तासाभराहून जास्त लागत नाही.

आपल्या,
बालवाडी व शिशुवर्गात काम करणाऱ्या काही शिक्षिका,
फोंडा व तिसवाडी